रायगडात विद्यापीठे आली, रायगड कुठे आहे?

नवी मुंबईच्या विमानतळालगत ‘एज्युसिटी’ उभी राहणार, जगातली नामवंत विद्यापीठे तिथे येणार, हा गाजावाजा आता पुरे झाला. जून २०२५ मध्ये पाच परदेशी संस्थांच्या हाती इरादापत्रे ठेवली गेली, तेव्हापासून विषयांची तीच ती यादी कानावर पडते आहे. संगणकशास्त्र, कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, व्यवसाय व्यवस्थापन, फॅशन, डिझाइन. ज्या जिल्ह्याच्या जमिनीवर हे सारे उभे राहायचे, त्या जिल्ह्यातली माणसे या यादीत नाहीत. आगरी नाहीत, कोळी नाहीत, कराडी नाहीत, ठाकूर नाहीत, कातकरी नाहीत. कुणी मागितले नाही म्हणून कुणी दिले नाही. आणि मागायचे काम सरकारचे होते.

संताप येतो तो याचा, की यातलीच विद्यापीठे आपल्या घरी हे विषय मानाने शिकवतात. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठात १९९५ पासून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट आहे. ईशान्य स्कॉटलंडमधल्या मच्छीमारांची, शेतकऱ्यांची, भटक्यांची गाणी, कथा, बोली आणि चालीरीती हाच तिचा अभ्यासविषय. त्यात पदव्युत्तर पदवी मिळते, पीएच.डी. करता येते. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात तर मूलनिवासींच्या अभ्यासाची स्वतंत्र शाखाच आहे. ते विद्यापीठ ज्या नूनगार लोकांच्या भूमीवर उभे आहे, त्यांच्यासारख्या मूलनिवासींचे ज्ञान आणि इतिहास तिथे पदवीला शिकता येतात. पर्थमध्ये नूनगारांना जे मिळते ते पनवेल-पेणमध्ये कातकऱ्यांना का नको? इरादापत्रावर सही होण्याआधी हा एक प्रश्न विचारायला हवा होता.

अमेरिकेत हा विषय कुणी ताटात वाढून दिला नव्हता. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर १९६८ पासून मार्च १९६९ पर्यंत विद्यार्थ्यांनी संप केला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई, मूलनिवासी अशा सगळ्यांनी मिळून लाठ्या खाल्ल्या, अटका सोसल्या. त्यातून १९६९ मध्ये ‘एथ्निक स्टडीज’चे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. आपल्या लोकांचा इतिहास आपल्या विद्यापीठात शिकवा, हे त्यांचे एक मुख्य मागणे होते.

रायगडात या अभ्यासाला काय कमी आहे? वडखळच्या नाक्यावर एक रस्ता गोव्याकडे जातो, दुसरा अलिबागकडे वळतो, आणि जवळच डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसतात. पावसाच्या तोंडाला इथे रस्त्याच्या कडेला कातकरी बायका शेवळांच्या जुड्या आणि टोपलीत चिंबोऱ्या घेऊन बसतात. शेवळे खाजरी. त्यांची खाज मारायला आंबट काकडे लागतात, म्हणून जुडीबरोबर काकडेही बांधून मिळतात. कोणत्या रानात, कोणत्या उतारावर, पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी काय उगवते, हे त्या बाईला तोंडपाठ. दिवाळी सरली की तीच बाई पोराबाळांसह वीटभट्टीवर जाते आणि घेतलेली उचल फेडता फेडता उन्हाळा निघून जातो. मागे राहिलेली वाडी बहुधा दुसऱ्याच्याच सातबाऱ्यावर असते. कातकरी ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड यांच्या बरोबरीची. १९३४ मध्ये ए. एन. वेलिंग यांनी तिच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मिलिंद बोकील यांनी ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ लिहिले. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी कातकऱ्यांच्या घरठाणाच्या लढ्यावर २०१३ मध्ये पुस्तक काढले. सामग्री आहे, अभ्यासक आहेत, भूमी तर समोरच आहे. पदवी तेवढी नाही.

तीच गत खारेपाटाची. खाडीचे खारे पाणी अडवणारे बांध, भरती-ओहोटीच्या हिशेबाने उघडमीट होणाऱ्या उघाड्या, खांड पडली की अख्ख्या गावाने धावायची रीत, हे सारे आगऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने खारजमिनी आणि त्या राखण्याच्या शिलोत्री पद्धतीची नोंद घेतली. १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा आला आणि बांधांचे काम गावाकडून सरकारकडे सरकू लागले. पुढे काय बिघडले, हे वाशी-वढावच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे. नव्या शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञान प्रणाली महाविद्यालयांत आणली, हे चांगलेच झाले. पण पेणच्या विद्यार्थ्याला त्यात स्वतःच्या बापाचा बांध भेटत नसेल, तर त्या प्रणालीत काय उरते?

इतिहासाचीही वाण नाही. अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत शेते पडीक ठेवली, खोतांपुढे मान तुकवली नाही. नारायण नागू पाटील त्यांचे नेते होते. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. चिरनेरचा जंगल सत्याग्रह १९३० चा. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध गोळ्या झेलत पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. विमानतळाला त्यांचे नाव मिळावे म्हणून माणसे रस्त्यावर उतरली. आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही यावर मतदान केले. भूसंपादनावर शेतकऱ्यांचे मत मतपेटीतून घेतले जाण्याची अशी उदाहरणे देशात विरळा आहेत. अखेर ते संपादन बारगळले. दुसऱ्या कुठल्या देशात एका जिल्ह्याच्या वाट्याला एवढे आले असते, तर त्यावर विभाग उभे राहिले असते.

रायगडला स्वतःचे विद्यापीठ आहे. लोणेऱ्याला. नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, काम तंत्रशिक्षणाचे. अभियंते हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांचे नाव त्या विद्यापीठाला आहे, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवर निबंध वाचला होता. आपल्या समाजाची घडण शास्त्राने तपासायची, ही वाट त्यांनी पंचविशीत दाखवली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात आणि महाडच्या चवदार तळ्याच्या जिल्ह्यात तीच वाट मोकळी नसावी, ही गोष्ट सहन होण्यासारखी नाही.

‘असली पदवी घेतलेल्याला नोकरी कोण देणार’ असे विचारणारे भेटतात. त्यांनी राज्य सरकारकडेच पाहावे. आदिवासी मुलगा वैधता प्रमाणपत्रासाठी समितीपुढे जातो, तेव्हा त्याला कुळाचे देव, लग्नाच्या रीती, सणवार, बोलीतले शब्द विचारले जातात. उत्तर चुकले की त्याचे शिक्षण आणि नोकरी दोन्ही टांगणीला लागतात. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की ही आप्तभाव चाचणी म्हणजे जमात ठरवण्याची अंतिम कसोटी नव्हे. म्हणजे ठाकुरांचे देव आणि लग्ने राज्याला परीक्षेसाठी हवीत, शिकवण्यासाठी नकोत. ही परीक्षा घेणाऱ्यांना तरी तो विषय कुणी शिकवला? वनहक्काच्या दाव्यांत पुरावे गोळा करायला, पुनर्वसनाच्या सर्वेक्षणाला, २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनसारख्या योजनेची घरे वाडीपर्यंत पोहोचवायला अशीच माणसे लागतात. आज ती कामे त्रयस्थ सल्लागार कंपन्यांकडून आलेली मुले करतात आणि वाडीतल्या म्हातारीचे बोलणे त्यांना कळत नाही.

पैशाचे कारण तर कुणी पुढे करूच नये. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. त्या पैशाच्या एका कोपऱ्यात रायगडचे आदिवासी आणि खारेपाट अभ्यासकेंद्र कित्येक वर्षे चालले असते. ज्या समाजाच्या नावाने पैसा निघतो, त्याच्या हाती तो सुखाने पोहोचू द्यायचा नाही ही जुनी खोड आहे. म्हणूनच एखाद्या इरशाळवाडीसारख्या आदिवासी वाडीवर दरड कोसळून सत्तावीस मृतदेह हाती लागेपर्यंत आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता होईपर्यंत ती वाडी कुणाच्या नकाशावरही नसते.

घाई करायला हवी, कारण जमीन थांबणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे नव्या शहराच्या नियोजनासाठी एमएमआरडीएकडे सोपवली गेली. विमानतळाने दहा गावे आधीच हलवली आहेत. पुढच्या वीस वर्षांत इथल्या कित्येक उघाड्या, मिठागरे आणि वाड्या जागेवर राहणार नाहीत. त्यांचा अभ्यास नंतर करू म्हणणाऱ्याला नंतर अभ्यासायला काही सापडणार नाही.

तेव्हा एज्युसिटीत जागा देताना अट घालावी. जे विद्यापीठ आपल्या देशात लोकसंस्कृतीचा किंवा मूलनिवासींचा अभ्यास शिकवते, त्याने रायगडातही तो शिकवावा, मराठीत शिकवावा आणि कातकरी, ठाकूर, आगरी, कोळी मुलांकडून त्याचे शुल्क घेऊ नये. पेण, रोहा, अलिबागची महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत, त्यानेही परदेशी पाहुण्यांची वाट न पाहता हा अभ्यासक्रम पदवीच्या पहिल्या वर्षापासून सुरू करावा. शिकवणारे मिळत नाहीत ही सबबही टिकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली आहे. आपल्या कामात पंधरा वर्षे मुरलेल्या माणसाला पदवीच्या अटीशिवाय वर्गात उभे करता येते आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका चालतात. बांधाची खांड भरलेला वढावचा शेतकरी आणि शेवळांची रानवाट जाणणारी कातकरी बाई या नियमात बसतात. मुंबई विद्यापीठाने त्यांच्या नेमणुकीचा प्रस्ताव येत्या विद्वत परिषदेतच मांडावा.