विश्लेषण : घरच्या सर्व्हरमध्ये चार डिस्क असल्या, तरी डेटा सुरक्षित का नाही?

‘गूगल फोटोज’ची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली आणि १५ जीबी भरल्याचा इशारा घरोघरच्या फोनवर येऊ लागला. दोन टीबी जागेसाठी महिन्याला सुमारे ६५० रुपये, म्हणजे पाच वर्षांत ३९ हजार रुपये मोजावे लागतात. त्यापेक्षा चार डिस्कचा छोटा सर्व्हर घरातच ठेवावा, असा विचार छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातील लग्नाचे छायाचित्रकार, सनदी लेखापाल, वास्तुविशारद किंवा परदेशात मुले असलेली कुटुंबे करत असतील, तर त्यात नवल नाही. मात्र एक डिस्क बंद पडली तरी काही जात नाही, या विक्रेत्याच्या वाक्यावर विसंबून घेतलेला सर्व्हर नेमक्या वेळी दगा देऊ शकतो.

जागा किती लागेल?

या यंत्राला नॅस म्हणतात. दोन, चार किंवा अधिक हार्डडिस्क बसणारी पेटी, तिच्यात छोटा संगणक, आणि ती राउटरला जोडलेली. घरातील सगळे फोन व संगणक तिच्यावर फाइल ठेवतात. जागेचा अंदाज आजच्या साठ्यावरून बांधला, तर तो हमखास चुकतो; दरवर्षी भर किती पडते ते पाहावे लागते. फोनवरील फोर-के चित्रणाचे एक मिनिट साधारण १७० ते ४०० एमबी जागा खाते. छायाचित्रकाराचे गणित आणखी मोठे. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने चित्रण करणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो. दोन कॅमेरे पाच तास चालले की एका लग्नाचे ४५० जीबी झाले. मोसमात अशी २० लग्ने घेतली तर नऊ टीबी, तेही फक्त कच्चे चित्रण.

डिस्क गेली तरी डेटा कसा राहतो?

याला रेड पद्धत म्हणतात. सर्वांत सोपा प्रकार आरशाचा : दोन डिस्कवर तेच लिहायचे. चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तरी वापरायला चारच टीबी मिळतात. दुसरा प्रकार बेरजेसारखा आहे. तीन डिस्कवर ४, ७ आणि ५ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज १६ आहे, असे समजा. सात असलेली डिस्क गेली, तर उरलेल्या आकड्यांवरून ७ परत काढता येतो. प्रत्यक्षातील गणित थोडे वेगळे असले तरी तत्त्व हेच. यात चार टीबीच्या चार डिस्कमधून १२ टीबी हाती येतात. दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी चालावे, अशी रचना केली तर आठ.

‘बॅकब्लेझ’ ही अमेरिकी कंपनी आपल्या लाखो डिस्कची नोंद जाहीर करते. २०२४ मध्ये तिच्याकडील बिघाडाचे वार्षिक प्रमाण १.५७ टक्के होते. हे वातानुकूलित डेटा सेंटरमधले चित्र आहे, माळ्याखालच्या कपाटातले नव्हे. शिवाय घरच्या चारही डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या असतात, आणि त्या थकतातही एकाच सुमारास. एक गेल्यावर नवी भरण्यासाठी बाकीच्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. १२ टीबीची डिस्क सरासरी २०० एमबी प्रतिसेकंद वेगाने भरली, तरी सुमारे १७ तास लागतात. जुन्या डिस्कवर सर्वाधिक ताण याच वेळी असतो. म्हणून मोठ्या डिस्क असतील, तर दोन डिस्कचा बिघाड पेलणारी रचनाच घ्यावी. गेलेली जागा वाया गेली असे समजू नये.

मग ही दुसरी प्रत नव्हे का?

नव्हे. या शहरातील वाचकाला हे नॅसच्या माहितीपत्रकापेक्षा पाण्याच्या टाकीवरून लवकर उमगेल. जायकवाडीचे पाणी नळाला कित्येक दिवसांच्या खंडाने येते, म्हणून घरोघरी खाली हौद आणि गच्चीवर टाक्या. गच्चीवरच्या दोन टाक्या एका पाइपने जोडल्या, तर एक फुटल्यावर व्हॉल्व्ह बंद करून दुसरी वापरता येते. पण नळालाच गढूळ पाणी आले, तर दोन्ही टाक्या गढूळ होतात. कोणी नळ उघडा ठेवला, तर दोन्ही रिकाम्या. रेडचे तसेच आहे. चुकून पुसलेला फोल्डर सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. खंडणीखोर व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या, तर आरशातली प्रतही कुलूपबंद होते. चोर पेटीच उचलून नेतो, तेव्हा चारही डिस्क नेतो.

जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने नेमके हेच केले. इंटरनेटवर थेट उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या हजारो नॅसमधील फाइल त्याने कुलूपबंद केल्या आणि प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. मालकांच्या डिस्क ठणठणीत होत्या.

याहून बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटऱ्या हलवण्याच्या कामात आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा त्यात खाक झाली आणि ८५८ टीबी डेटा गेला. तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्याने प्रत ठेवणे जमले नाही, असे कारण दिले गेले. तंत्रज्ञानात पुढारलेल्या देशाच्या सरकारचे हे कारण आपल्याकडेही ओळखीचे वाटावे. मुंबईत मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत कागदी फाइल जळाल्या होत्या; माध्यम बदलले, तरी सगळे एकाच इमारतीत ठेवण्याची सवय तीच.

नंतर डिस्क वाढवता येतात का?

येतात, पण किती सहज ते पहिल्या दिवशीच्या निवडीवर ठरते, आणि ती निवड नंतर बदलायची तर बहुतेकदा सगळा डेटा बाहेर काढून पेटी नव्याने मांडावी लागते. सिनॉलॉजीची ‘एसएचआर’ पद्धत वेगवेगळ्या क्षमतेच्या डिस्क सामावून घेते. ‘अनरेड’ प्रणालीत एकेक डिस्क जोडता येते; अट एवढीच, की बेरीज ठेवणारी डिस्क सर्वांत मोठ्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. त्यामुळे पहिली खरेदी करतानाच ही एक डिस्क मोठी घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

जाणकारांच्या पसंतीच्या ‘झेडएफएस’मध्ये तयार गटात एकच डिस्क वाढवण्याची सोय वर्षानुवर्षे नव्हती. ती जानेवारी २०२५ मधील ओपनझेडएफएस २.३ या आवृत्तीत आली. तिलाही मर्यादा आहेत. एका डिस्कचा बिघाड पेलणारी रचना नंतर दोन डिस्कची करता येत नाही, आणि आधीचा डेटा पुन्हा लिहीपर्यंत जुन्याच प्रमाणात जागा अडवतो. जोडी-जोडीने आरसे वाढवत जाणे जागेच्या दृष्टीने महाग, पण समजायला आणि दुरुस्तीला सर्वांत सोपे. घरात तंत्रज्ञ नसेल, तर याच मार्गाचा आधी विचार व्हावा.

पेटीत दोन कप्पे मोकळे ठेवणे हा वाढीवरचा सर्वांत स्वस्त उपाय. चार डिस्क लागणार असतील, तर सहा कप्प्यांची पेटी घ्यावी. डिस्क घेताना ती ‘सीएमआर’ प्रकारची आहे ना, हे लेखी विचारावे. ‘एसएमआर’ डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही, पण पुन्हा भरणी करताना वेग कोसळतो. वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क अशा असल्याचे २०२० मध्ये उघड झाल्यावर मोठा गदारोळ झाला होता.

खरेदी आताच करावी का?

बाजार ग्राहकाच्या बाजूने नाही. जगात हार्डडिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या उरल्या आहेत तीनच : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. २०११ मध्ये थायलंडमधील पुराने कारखाने बुडाले, तेव्हा जगभर किमती कडाडल्या होत्या. या वेळी ओढ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची आहे. मोठ्या क्षमतेच्या डिस्कसाठी प्रतीक्षाकाल वर्षावर गेल्याचे ‘ट्रेंडफोर्स’ने सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदवले. मेमरीही महागली, मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा व्यवसाय बंद करण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये केली. एकदम मोठा साठा विकत घेण्यापेक्षा आज दोन डिस्क आणि मोकळे कप्पे, ही मांडणी म्हणूनच परवडते.

एकाच कंपनीवर विसंबण्याचा धोकाही दिसून आला. सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये नव्या ‘प्लस’ नॅसमध्ये स्वतः मान्य केलेल्याच डिस्क चालतील, असे धोरण आणले. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ते मागे घेतले.

वीज आणि उन्हाळा

चार डिस्कचा नॅस साधारण ३५ वॉट घेतो, म्हणजे महिन्याला २५ युनिट. खरा प्रश्न वीज जाण्याचा आहे. लिहिणे अर्धवट असताना पुरवठा तुटला, तर फाइल प्रणाली बिघडू शकते. घरच्या इन्व्हर्टरवर भागते, असे अनेकांना वाटते. पण बॅटरी संपत आल्याचे तो नॅसला कळवत नाही. यूएसबी जोडणीचा छोटा यूपीएस तो निरोप देतो आणि नॅस स्वतःहून नीट बंद होतो. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टीव्हीमागच्या बंद कपाटातील डिस्कचे तापमान अधूनमधून पाहिलेच पाहिजे. भिंतीपासून चार बोटे अंतर आणि स्वच्छ जाळी एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरी प्रत कुठे ठेवावी?

दुसऱ्या छपराखाली. सिडकोत राहणाऱ्याने गारखेड्यातील भावाकडे ठेवली, तर चोरी आणि आग यांपासून बचाव होतो. पुण्यात ठेवली, तर शहरावरच्या संकटापासूनही. सगळ्याचीच प्रत ठेवायला हवी असे नाही. डाउनलोड केलेले चित्रपट पुन्हा मिळतात. आजीचा आवाज, मुलांचे फोटो, शेताची कागदपत्रे आणि गिऱ्हाइकाच्या लग्नाचे चित्रण मिळत नाही. ही वर्गवारी केली की बहुतेक कुटुंबांसाठी एक बाहेरची डिस्क पुरते. ती काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण कायम जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसही पोहोचतो. घरच्या नॅसचा दरवाजा राउटरमधून इंटरनेटवर थेट उघडू नये. बाहेरून वापरायचा असेल, तर व्हीपीएनमधूनच.

पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवण्याच्या भानगडीत पडू नये. ५० एमबीपीएस अपलोडवर चार टीबी पाठवायला अखंड सात दिवसांहून अधिक लागतात. डिस्क पिशवीत घालून पुण्याला नेली, तर ती संध्याकाळपर्यंत पोहोचते. पुढे रोज रात्री फक्त बदललेल्या फाइल पाठवल्या की भागते. आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुटीत कोणी तिकडे गेले, की त्या डिस्कवरचे दहा-वीस फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघायला सांगावे.