सोवळी नायिका

बंगळूरच्या नृत्यमंचावर आज बहुधा दिसणारी नायिका वाट पाहते, लटके रुसते आणि अखेर देवाला शरण जाते. रागावणे तिच्या चेहऱ्याला जणू वर्ज्यच. शृंगार म्हणजे जीवात्म्याची परमात्म्याकडे ओढ, असा सोयीस्कर अर्थ एकदा लावला की खंडितेचा संताप नि सामान्येचा व्यवहारी मिश्किलपणा दोन्ही अडगळीत जातात. याला शुद्धीकरण म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः ती मुस्कटदाबी होय.

तंजावरच्या मराठा दरबारातील गणिका मुद्दुपळनी हिच्या ‘राधिका सांत्वनमु’ या तेलुगू काव्यात रागावलेल्या राधेची मनधरणी खुद्द कृष्णाला करावी लागते. समाजसुधारक वीरेशलिंगम यांनी कवयित्रीला निर्लज्ज ठरविले. बंगळूर नागरत्नम्मांनी १९१० साली ते काव्य अखंड स्वरूपात छापून विचारले : लाजेचे बंधन स्त्रीलाच का, पुरुष कवींना का नाही? उत्तर मिळाले नाही. सरकारने अश्लील म्हणून पुस्तकच जप्त केले.

म्हैसूर दरबारच्या जट्टी तायम्मा आणि त्यांच्या शिष्या के. व्यंकटलक्षम्मा (१९०६–२००२) यांची कीर्ती मुख्यतः अभिनयाची. जावळीतील नायिका शालीन नसते. ती टोमणे मारते, हिशेब मागते, प्रसंगी दार लावून घेते. हे सारे भुवईच्या एका हालचालीत आणि ओठांच्या मुरडीत उभे करणे हीच ती विद्या. ‘रात्र कुठे घालविलीस?’ असे डोळ्यांनी विचारणारी ही स्त्री कार्यक्रमातून गाळली जाते, आणि निमंत्रणपत्रिकेवर मात्र म्हैसूर परंपरेचे नाव ठळक छापले जाते.