तारांवरची गारपीट

गेल्या वर्षी पवित्र आठवड्याच्या तयारीसाठी बोलावलेल्या एका सभेस आम्ही हजर होतो. खान्देशातील एका धर्मग्रामाची ती सभा. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण जे तेथे घडले ते आपल्याकडे इतरत्रही घडू शकते. त्या चर्चच्या कपाटात दोन व्हायोलिन्स आणि एक व्हायोला कित्येक वर्षे पडून होती. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन परतलेल्या कुटुंबांनी ती मागे ठेवलेली. दोन मुली आणि एक मुलगा यांनी दोन वर्षे खपून ती वाद्ये हाती धरण्याजोगी केली होती. गुड फ्रायडेच्या सायंकाळी, उपासना संपल्यावर, सभागृहात हायडनच्या 'सात अंतिम वचनां'तील दोन भाग तीन वाद्यांपुरते बेतून वाजवावेत, एवढीच त्यांची विनंती. ती पाच मिनिटांत फेटाळली गेली. "शब्दच नाहीत, मग लोकांना कळणार काय?" असा प्रश्न एका ज्येष्ठ सदस्याने केला आणि सभेने माना डोलावल्या. त्याच बैठकीत कळ दाबताच ठेका सुरू करणारा नवा कीबोर्ड घेण्यास मंजुरी मिळाली.

त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणी दिले नाही. आम्हीही दिले नाही, याची खंत आहे. म्हणून आज देत आहोत.

शब्दांवाचून तारांना कथा सांगता येत नाही, ही समजूत निराधार आहे आणि कॅथलिक माणसाने तरी ती बाळगू नये. ज्याने तारांना ऋतूंची कथा सांगायला लावली तो अंतोनिओ विवाल्दी स्वतः धर्मगुरू होता. 1703 साली त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकविण्याचे काम त्याने हाती घेतले. त्याचे 'चार ऋतू' 1725 साली अॅमस्टरडॅमला छापून निघाले. प्रत्येक ऋतूसोबत त्याने एक सुनीत दिले आणि त्यातील कोणती ओळ कोणत्या स्वरांपाशी येते हेही स्वरलिपीत नोंदविले. 'वसंत'च्या मधल्या भागात गुराखी झोपला आहे, पाने सळसळत आहेत आणि व्हायोला कुत्र्यासारखा भुंकत आहे. हे ऐकून कोणी हसले तर हसू द्यावे. विवाल्दीलाही ते चालले असते.

परंतु आमच्या वाचकांनी ऐकावा तो 'ग्रीष्म'. हा ग्रीष्म व्हेनिसचा असला तरी त्याला खान्देशी माणसाइतका ओळखणारा श्रोता क्वचितच मिळेल. सुरुवातीला काहीच घडत नाही. तारा थकल्यासारख्या एकेक पाऊल टाकतात, मध्येच थांबतात. उन्हाने माणूस आणि कळप दोघेही गळून गेले आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपलीकडे गेला की जळगावच्या रस्त्यावर दुपारी जी निश्चलता पसरते, ती ही. मग पक्षी येतात, मंद वारा येतो आणि त्या वाऱ्याला उत्तरेचा वारा हुसकून लावतो. मेंढपाळ रडू लागतो. वादळ अजून आलेले नाही, पण येणार हे त्याला ठाऊक आहे. मधल्या भागात माश्या आणि गांधीलमाश्या घोंगावतात, दुरून मेघगर्जना ऐकू येते, पुन्हा शांतता, पुन्हा गर्जना. आणि अखेरीस गारपीट, जी उभ्या पिकाच्या माना मोडते.

रावेर-यावलच्या केळीबागांत ज्यांनी वादळाची एक रात्र काढली आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागेल काय? सकाळी बागेत जावे तर घडांसकट झाडे आडवी. वर्षभराची उस्तवार, कर्ज, लेकीच्या लग्नाची बोलणी, सारे त्या चिखलात. तो शेतकरी 'ग्रीष्म'चा शेवटचा भाग ऐकेल तेव्हा त्याला सुनीताची गरज पडणार नाही. त्याच्या आधीचे रडणे मात्र त्याला विशेष कळेल, कारण आभाळ भरून आल्यावर बांधावर उभे राहून वाट पाहणे हे गारांपेक्षाही कठीण असते. संगीताने गारांचा आवाज काढला, ही त्यातली गौण गोष्ट आहे. त्याने ती वाट पाहणे ऐकविले, ही मोठी.

येथे एक आक्षेप विद्वानांकडून येतो. नक्कल करणे हे संगीताचे काम नव्हे, शुद्ध स्वर हेच त्याचे सर्वस्व, असे ते म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. बेथोव्हेनने आपल्या 1808 च्या ग्रामीण सिंफनीबद्दल हेच बजावले होते की हे चित्रणापेक्षा भावनेचे प्रकटन अधिक आहे. पण त्याच सिंफनीत कोकिळा आणि वादळ आहेतच! चित्र आणि भाव यांत भिंत घालण्याचा उद्योग त्यालाही साधला नाही. आणि जे वाचक बालकवींच्या निसर्गकवितेवर भान हरपतात, शब्दांनी रंगविलेले आभाळ ज्यांना उच्च काव्य वाटते, त्यांनीच तारांनी रंगविलेल्या आभाळाला हलके लेखावे, हे आम्हांस उमगत नाही. बालकवी आपल्या धरणगावचे. 1907 साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनाने त्यांना ही पदवी दिली आणि पुढे रेव्हरंड टिळकांच्या घराने त्यांना आसरा दिला. तो ख्रिस्ती उंबरठा कल्पनाचित्रांना दार बंद करणारा नव्हता.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. व्हायोलिन विलायती, म्हणून नको. असे म्हणणारे गृहस्थ बहुधा पेटीच्या साथीने भजन म्हणत असतात! पेटीचा पूर्वज हार्मोनियम पॅरिसचा, त्याचे पेटंट 1842 चे. कीबोर्डाचे कुळ तर विचारूच नये. व्हायोलिन मात्र एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून कर्नाटक संगीतात स्थिरावले, आणि महाराष्ट्रात गजाननराव जोशींनी त्यावर ख्याल गाऊन दाखविला. शब्दांवाचून दृश्य उभे करण्याची रीतही आपल्याला अपरिचित नाही. 1967 साली शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांच्या क्रमाने मांडला. संतूर, गिटार, बासरी आणि तबला; गाणारा कोणी नाही. ती घरोघर वाजली आणि "कळणार काय?" असे कोणी विचारल्याचे आम्हांस आठवत नाही.

शिवाय चित्रपट. जळगाव-धुळ्याच्या थिएटरांत ज्या पिढ्या वाढल्या त्यांनी पावसाची, ताटातुटीची, पाठलागाची भाषा तारांकडूनच शिकली. ती तारा छेडणारे हात बरेचसे आपल्याच गोवेकर बांधवांचे, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून मुंबईस आलेल्यांचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकविले. 1958 साली त्यांनी आपला वाद्यवृंद उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात रागांवर आधारलेल्या सिंफनी रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. 'अमर अकबर अँथनी'तील गाण्याने त्यांचे नाव देशभर झाले, परंतु त्या नावामागचा माणूस एक गंभीर रचनाकार होता हे किती जणांना ठाऊक आहे? 2012 साली ते गेले. त्यांची वाट पुढे नेणारे मूल कदाचित भुसावळच्या एखाद्या रेल्वे क्वार्टरमध्येच असेल, आणि आम्ही त्याच्या हाती कळ दाबायचे यंत्र देणार आहोत.

आता श्रद्धेचा प्रश्न. बीबर या साल्झबुर्गच्या संगीतकाराने 1676 च्या सुमारास जपमाळेच्या पंधरा रहस्यांवर व्हायोलिनसाठी पंधरा सोनाटा रचल्या. बहुतेक ठिकाणी त्याने तारा नेहमीपेक्षा निराळ्या लावायला सांगितल्या. पुनरुत्थानाच्या रहस्यात तर मधल्या दोन तारा एकमेकींवरून ओलांडून लावायच्या, म्हणजे वाद्याच्या अंगावरच क्रूस उमटतो. याच बीबरने 1673 च्या 'बटालिया' या तारावाद्यांच्या रचनेत मद्यपी सैनिकांना एकाच वेळी निरनिराळी गाणी गायला लावली. (हा परिणाम आपली काही गायनमंडळे प्रयत्नावाचून साधतात.)

आणि हायडन, ज्याच्यावरून हा वाद पेटला. स्पेनमधील कादिझच्या एका प्रार्थनालयासाठी त्याने ही रचना 1786 च्या सुमारास केली. भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकलेले, मधोमध एकच दिवा. महागुरू एक वचन उच्चारून त्यावर बोलत, मग वेदीपुढे गुडघे टेकत, आणि त्या शांततेत संगीत सुरू होई. अशी सात वचने, आणि शेवटी भूकंप. पुढे हायडनने स्वतःच ते चार तारावाद्यांसाठी बेतले. शब्द नव्हते काय? होते. आधी उच्चारले जात, मग तारा त्यांच्यापाशी थांबून राहत. हीच पद्धत आम्ही सुचवीत आहोत. प्रत्येक भागाआधी कोणीतरी उठून ते वचन मराठीत, हवे तर अहिराणीत, सांगावे आणि खाली बसावे.

नियमाचा धाक दाखविणाऱ्यांसाठी इतकेच. गुड फ्रायडेच्या उपासनेत वाद्ये गायनाच्या आधारापुरतीच चालतात, हे आम्हांस माहीत आहे. म्हणूनच ती मुले उपासनेनंतरची वेळ आणि सभागृह मागत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेवरील आपल्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा गौरव केला, तसेच पवित्र कार्यास योग्य अशा इतर वाद्यांनाही अनुमती दिली. निवडीचा निकष योग्यता हा आहे. कळ दाबताच निघणारा नृत्याचा ठेका त्या निकषास कसा उतरतो, हे कीबोर्ड मंजूर करणाऱ्यांनी सांगावे.

त्या मुलांपैकी धाकटी नुकतीच आम्हांस धुळ्याच्या बसस्थानकावर भेटली. व्हायोलिन अजून कपाटातच आहे, म्हणाली. किल्ली सेक्रेटरी साहेबांकडे असते. व्हायोलाची एक तार तुटली आहे, ती मुंबईहून मागवावी लागेल. आम्ही त्या तारेचे पैसे दिले आहेत. सभेची पुढील तारीख कळवावी, एवढे आमचे कमिटीस मागणे आहे.