हाड जुळते, ताट मात्र रिकामे

वृद्ध माणूस न्हाणीघरात घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि घराचा सारा क्रम एका क्षणात विस्कटतो. पहिले काही दिवस धावपळीचे असतात. रुग्णवाहिका, क्ष-किरण चित्र, भूलतज्ज्ञांची संमती, रक्ताची जुळवाजुळव, रॉडची किंवा कृत्रिम सांध्याची किंमत या साऱ्या गोष्टी निभावल्या जातात. पैसाही कोठून तरी उभा राहतो. शस्त्रक्रिया पार पडते आणि रुग्ण वॉकर धरून घरी येतो. खरा प्रश्न येथून सुरू होतो. या माणसाने पुढचे तीन महिने खावे काय, आणि ते त्याला कोण देणार?

हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. वास्तविक तो जीवनमरणाचा आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांपैकी साधारणतः पाचांत एक ते चारांत एक वर्षभरात दगावतो, असे देशोदेशीच्या पाहण्यांचे निष्कर्ष आहेत. जे वाचतात त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही. दुखापत आणि शस्त्रक्रिया यांच्या आघाताने शरीर स्वतःचेच स्नायू झिजवू लागते आणि नेमकी त्याच वेळी भूक मरते. पुष्कळसे रुग्ण तर पडण्यापूर्वीच खंगलेले असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली निरोगी प्रौढासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने दररोज आवश्यक धरली. आजारी वृद्धांना १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली सुचविले. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या आजीबाईंना दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. वाटीभर पेज, घासभर वरणभात आणि चहा-बिस्किटे यांतून त्याच्या निम्मीही मिळत नाहीत.

पुरावा काय सांगतो?

पूरक आहाराने फरक पडतो काय, याचा शोध पाश्चात्त्य देशांत चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. जिनिव्हा येथील डॉक्टरांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५९ वृद्ध रुग्ण होते. त्यांपैकी काहींना रोजच्या जेवणाशिवाय २० ग्रॅम प्रथिने असलेले २५० मिलिलिटर पेय सुमारे महिनाभर देण्यात आले. त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. तथापि, एवढ्यावर हुरळून जाणे योग्य नव्हे. कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली ४१ चाचण्यांचा आणि त्यांतील ३,८८१ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष सावध निघाला. अशा पेयांमुळे गुंतागुंत कमी होत असावी, मृत्यू टळतात असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही, आणि मुळात पुराव्याची प्रतच फारशी चांगली नाही, असे त्या आढाव्याचे सार आहे.

याहून बोलका अनुभव कार्डिफ शहरातला आहे. तेथील रुग्णालयात खुब्याचे हाड मोडलेल्या तीनशेहून अधिक वृद्ध स्त्रियांवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या स्त्रियांसाठी आहार-साहाय्यक नेमण्यात आले. रुग्णाची आवडनिवड विचारणे, दात नसतील तर मऊ पदार्थ मिळवून देणे, ताट हाताशी सरकवणे, प्रसंगी घास भरविणे, एवढेच त्यांचे काम. त्या वॉर्डातील मृत्यूंचे प्रमाण अशा स्त्रियांत ४.१ टक्के, तर इतरांत १०.१ टक्के होते. चार महिन्यांनंतर ते अनुक्रमे १३.१ आणि २२.९ टक्के झाले. एका अभ्यासावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. तरीपण डब्यात काय आहे यापेक्षा ते पोटात जाते की नाही, हे पाहणारे माणूस अधिक मोलाचे असू शकते, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

चाळीतले वास्तव

वसई-विरारच्या संदर्भात हा बोध विशेष महत्त्वाचा ठरतो. २०११च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकसंख्या असलेल्या या महानगराचा मोठा भाग पोटासाठी रोज मुंबईकडे धावतो. मुलगा आणि सून सकाळची विरार लोकल पकडतात, नातवंडे शाळेत जातात आणि नालासोपाऱ्याच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत आजी एकटी उरते. उशाशी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात खारी ठेवलेली असते. दुपारचे जेवण झाकून ठेवलेले असले तरी ते गरम करण्यासाठी तिला उठता येत नाही. शिवाय अशा स्त्रिया मुद्दामच कमी खातात व पाणी कमी पितात, कारण शौचाला भांडे देण्यासाठी शेजारणीला हाक मारावी लागू नये! ही उपासमार दारिद्र्याची असतेच. पण ती संकोचाची आणि एकटेपणाचीही असते.

अशा घरात जाहिरातीतला डबा शिरतो. काळजीपोटी आणि काहीशा अपराधी भावनेपोटी मुलगा शेकडो रुपयांची पूड विकत आणतो. ४०० ग्रॅमचा डबा दिवसाला एक पेला घेतला तरी आठवडाभरात संपतो, आणि त्या पेल्यातून मिळणारी प्रथिने बहुधा दीड अंड्याहून जास्त नसतात. दुसऱ्या डब्यापर्यंत उत्साह टिकतो, तिसरा येत नाही. ज्याला गिळता येत नाही किंवा ज्याची भूक पूर्ण मेली आहे, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने अशी पेये उपकारक ठरतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ग्राहकाला गुण पारखता येत नाहीत आणि विक्रेत्याला मात्र भीती पारखता येते, अशा बाजारात किमतीचा उपयुक्ततेशी संबंध तुटतो.

उलट वसईच्या मातीत आणि समुद्रात काय कमी आहे? अर्नाळा-पाचूबंदरचे सुके बोंबील व जवळा, वालाची उसळ, शेंगदाण्याचे कूट, दूध, अंडी हे सारे येथले रोजचे अन्न आहे. दोन अंडी व अर्धा लिटर दूध यांतून सुमारे २८ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यांचा आजचा खर्च पन्नास रुपयांच्या आत बसतो. त्यात वाटीभर डाळ, जवळ्याची चटणी आणि भात-भाकरी मिळविली की साठीचा आकडा आवाक्यात येतो. सुक्या मासळीतील मीठ मात्र रक्तदाबाच्या रुग्णाने आधी धुऊन काढावे आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

शासनाचा हिशेब

पन्नास रुपये रोज, म्हणजे महिन्याला पंधराशे. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ साली वाढून नेमके पंधराशेच झाले! म्हणजे निराधार वृद्धाने केवळ दूध आणि अंडी घ्यायची ठरविली तर औषध, भाडे, वीज यांसाठी काहीच उरत नाही. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराच्या भविष्यनिर्वाह निवृत्तिवेतनाची किमान रक्कम तर २०१४ साली १,००० रुपये ठरली. शिधापत्रिकेवर धान्य मोफत मिळते. पण ते मुख्यतः तांदूळ आणि गहू असते.

दुसरीकडे शासनाने पैसा खर्च केलेला नाही, असेही नाही. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. घरी गेल्यावरही १५ दिवसांच्या औषधांची व तपासण्यांची तीत सोय आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून वॉकरसारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळू शकतात. म्हणजे मोडलेल्या हाडात बसवायच्या रॉडला पैसे आहेत, धरून चालायच्या वॉकरला पैसे आहेत. चालण्याचे बळ ज्यातून येते त्या अन्नाला मात्र नाहीत. लाखभर रुपये खर्चून बांधलेल्या भिंतीवर पाणी मारायला मजूर न ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे.

अन्न हा उपचाराचा भाग असतो, हे तत्त्व शासनाला नवे नाही. क्षयरुग्णाला पोषणासाठी एप्रिल २०१८पासून दरमहा ५०० रुपये मिळत आणि नोव्हेंबर २०२४पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. तेच तत्त्व येथे लावले तर तीन महिन्यांचे ४,५०० रुपये होतात. पाच लाखांच्या संरक्षणाच्या तुलनेत हा एक टक्काही नाही. रोख रक्कम घरखर्चात मुरेल, असा आक्षेप येईल आणि तो अगदीच निराधार नाही. म्हणूनच रक्कम देण्याऐवजी महिला बचत गटाकडून दुपारचे गरम, मऊ जेवण घरपोच द्यावे, आशा सेविकेने आठवड्याला वजन नोंदवावे आणि ते घटत असेल तर डॉक्टरांना कळवावे. आशा सेविकांवर आधीच कामाचा भार आहे. तेव्हा या कामाचा वेगळा मोबदलाही त्यांना मिळाला पाहिजे.

पुरावा अपुरा आहे, म्हणून थांबावे काय? उलट तो मिळविण्याची संधी येथे आहे. महानगरपालिकेने एखाद्या प्रभागात वर्षभर हा प्रयोग करावा. किती रुग्ण पुन्हा चालू लागले, किती पुन्हा दाखल झाले, किती दगावले याची प्रामाणिक नोंद ठेवावी आणि ती लोकांपुढे मांडावी. प्रयोग फसला तर नुकसान थोड्या दुधाअंड्यांचे होईल, आणि तेही कोणा भुकेल्याच्याच पोटात गेलेले असेल.