बोर्ली पंचतनची हवा कोण मोजणार?

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या बारा औद्योगिक नगरांना संमती दिली, त्यांत रायगड जिल्ह्यातील दिघीचे नाव आहे. दिघी बंदर आणि बोर्ली पंचतन यांमधील अंतर वाऱ्याला जड नाही. मुंबईकर ज्या दिवेआगरला हवा खाण्यास जातो, ते तर बोर्लीच्या शेजारचेच. या टापूतील हवा आज कशी आहे असे विचारल्यास ‘उपग्रह सांगतो’ असे उत्तर मिळेल. ते खोटे नाही. अपुरे मात्र आहे.

उपग्रह हवा हुंगत नाही, प्रकाश पाहतो. सूर्यकिरण किती अडले व विखुरले यावरून तो जमिनीपासून आकाशापर्यंतच्या साऱ्या स्तंभातील धुळीचा अंदाज बांधतो. ती धूळ माणसाच्या नाकाशी आहे की दोन मैल उंच, हे त्यावरून सहसा कळत नाही. दमट हवेत कण फुगतात, समुद्राचे मीठ त्यांत मिसळते. आणि एकाच चौकटीत वाळू व पाणी आले की गणित आणखी घसरते. युरोपचा २०१७ सालचा ‘सेंटिनेल-५पी’ नायट्रोजन डायऑक्साइड टिपतो, पण दुपारी दीडच्या सुमारास. पहाटेचा धूर त्याच्या दृष्टीस पडत नाही. आषाढातील ढगांपुढे तर त्याचा इलाजच खुंटतो.

जमिनीवरील यंत्र हवा ओढून फितीवर धूळ साठविते व बीटा किरणांनी तिचे वजन करते; रात्री आणि पावसातही. मात्र आपल्या परिसरापलीकडचे ते जाणत नाही, आणि अशी यंत्रे प्रायः शहरांत आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने मर्यादा ओलांडणारी शहरेच निवडली. जेथे मोजमापच नाही, ते गाव मर्यादा ओलांडणार तरी कसे?

तेव्हा दोहोंत श्रेष्ठ कोण, हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. उपग्रहाचा आकडा जमिनीवरील यंत्राशी ताडूनच सुधारावा लागतो, आणि पुण्याच्या कोरड्या हवेवरून केलेली दुरुस्ती श्रीवर्धनच्या खाऱ्या हवेस लागू पडेलच असे नाही. पर्यावरण अहवालासाठी एका हंगामाची मोजणी होते खरी, पण ती प्रकल्पवाल्यांच्याच खर्चाने! उद्या चिमण्या उभ्या राहिल्यावर कोणी तक्रार केली, तर ‘ही धूळ समुद्राचीच’ हे उत्तर तयार असेल. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिघीच्या नव्या कारखान्यांपूर्वी निदान एक वर्ष, तिन्ही ऋतू अखंड मोजणारे केंद्र बोर्लीत चालू करावे आणि त्याचे आकडे रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.