खालील उतारा वाचा



या खेपेला सुरुवातीलाच एक उतारा देते. एकाच ओळीचा आहे. 'टिमक्या झुबराने काल खुमरीत दोन लिपटे गडपले.' आता प्रश्न. झुबर कसा होता? त्याने लिपटे कुठे गडपले? किती गडपले? तुम्ही तिन्ही उत्तरं बरोबर द्याल. तीनपैकी तीन मार्क. पण झुबर म्हणजे कोण आणि त्याने केलं ते बरं की वाईट, हे मात्र सांगता येणार नाही. कारण त्या ओळीला अर्थच नाही. शब्द माझे मीच बनवलेले आहेत.

आपल्या हायस्कूलमधल्या मुली इंग्रजीच्या पेपरातला न वाचलेला उतारा बहुतेक वेळा असाच सोडवतात. प्रश्नातला एखादा ओळखीचा शब्द उचलायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि ज्या ओळीत सापडेल ती ओळ जशीच्या तशी उतरवून काढायची. अक्षर चांगलं असेल तर मार्क मिळतात. या युक्तीला मी नावं ठेवणार नाही. दहावीला इंग्रजीत ३५ मार्क पडले तर मुलगी अकरावीला जाते, आणि नाही पडले तर 'आता पुरे झालं शिक्षण' म्हणायला घरात कुणी ना कुणी टपलेलंच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. असं लग्न लांबवायला ज्या मुलीला ३५ मार्क हवे आहेत, तिने ते कुठल्याही युक्तीने मिळवावेत. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मार्क मिळाले, पण ती वाचायला शिकली का?

हा प्रश्न मनात धरून गेली दोन वर्षं मी अधूनमधून अहमदपूरच्या मुलींच्या एका अभ्यासगटात बसते आहे. आठवी ते दहावीच्या मुली. काही गावातल्या, काही आसपासच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून एसटीने येणाऱ्या. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या घरात गोरमाटी, कुणाच्या घरात दखनी उर्दू. म्हणजे इंग्रजी यांच्यापैकी कित्येकींची चौथी भाषा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्यामुळे दहावीतल्या मुलीच्या पदरात दहा वर्षांचं इंग्रजी असतं. तिला अक्षरं येतात, शब्द वाचता येतात, घडाघडा वाचूनही दाखवते. 'काय म्हटलंय गं त्यात?' असं विचारलं की मात्र मान खाली जाते.

ही एकट्या अहमदपूरची गोष्ट नाही. 'असर'ने २०२३ मध्ये देशभरातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. इंग्रजीतली साधी वाक्यं ५७.३ टक्के जणांना वाचता आली. ज्यांना वाचता आली, त्यांच्यापैकीही ७३.५ टक्क्यांनाच अर्थ सांगता आला. याच अहवालातली आणखी एक गोष्ट आपण नीट पाहायला हवी. आपापल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचण्यात मुली पुढे होत्या : मुली ७६ टक्के, मुलगे ७०.९ टक्के. इंग्रजी वाचनात मात्र मुलगे पुढे. तेव्हा 'मुलींचं डोकंच चालत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी हे आकडे वाचावेत. जिला मराठी वाचून समजतं, तिला वाचण्याची कला येतेच. तिला इंग्रजीचा सराव मिळालेला नसतो. तो का मिळत नाही, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. लातूरच्या क्लासला पाठवायचं ते मुलाला. संध्याकाळी घरात दिवा लागतो तेव्हा मुलगी चुलीपाशी असते. सोयाबीनच्या काढणीत शाळा बुडते ती आधी तिची.

अभ्यासगटातला एक प्रसंग सांगते. उताऱ्यात एका आईबद्दल वाक्य होतं : 'शी हार्डली रेस्टेड.' नववीतल्या एका मुलीने अर्थ सांगितला, 'तिने खूप आराम केला.' हार्ड म्हणजे कष्टाने, खूप, जोरात. म्हणून हार्डली म्हणजेही खूप. शब्दावरून काढलेला अर्थ तसा चुकीच्या वाटेने गेलेला नव्हता. तेवढ्यात मागून दुसरी म्हणाली, 'खूप आराम? कुणाच्या मायनं केलाय गं असा आराम?' सगळ्या हसल्या. मग पहिलीच पुन्हा वाचायला लागली. आई पहाटे उठते, पाणी भरते, शेतावर जाते, रात्री भांडी घासते. आणि मध्येच खूप आराम? नाही जमत. मग 'हार्डली'चा अर्थ उलटा असला पाहिजे. डिक्शनरी उघडली. निघाला उलटाच. 'जवळजवळ नाहीच.'

या मुलींनी तो अर्थ मिळवला तो स्वतःच्या आयुष्याला साक्षीला बोलावून. हीच वाचनाची खरी रीत आहे. पुढचंमागचं वाक्य पाहायचं, आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्याशी ते पडताळायचं, आणि विसंगत वाटलं तर थांबायचं. युक्तीने उत्तर लिहिणारी मुलगी थांबत नाही, कारण तिला विसंगती दिसतच नाही. तिच्या लेखी तो उतारा म्हणजे टिमका झुबर!

आता कुणी विचारेल, स्त्रियांच्या मासिकात इंग्रजीच्या पेपराची चर्चा कशाला? मला हा प्रश्न आपल्याच चळवळीचा वाटतो, आणि त्याची मुळं जुनी आहेत. अहमदपूर तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, बिदर जिल्ह्यात. १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात. निजामाच्या अमदानीत कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. बायकांना तर मराठीची अक्षरओळखही दुर्मीळ. जमिनीचा कागद हातात असायचा, पण त्यात काय लिहिलंय ते सांगणारा दुसराच कुणी असायचा. तो सांगेल ते खरं.

राज्य गेलं, भाषा बदलली. बाईचा कागद वाचणारा अजूनही बहुतेक वेळा दुसराच असतो. तालुक्याच्या कोर्टात मराठी चालतं. पण पोटगीचं किंवा वाटणीचं प्रकरण वर औरंगाबाद खंडपीठात गेलं की निकाल इंग्रजीत, कारण घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. अलीकडे काही निकालांचे मराठी अनुवाद मिळू लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. सगळ्यांचे मिळावेत यासाठी आपण भांडलंही पाहिजे. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी सहीसाठी पुढे येणारा कागद, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, विम्याच्या अटी, बचतगटाला कर्ज देणाऱ्या कंपनीचा करार हे पुष्कळदा इंग्रजीतच असतं. अशा कागदात 'हार्डली', 'अनलेस', 'एक्सेप्ट', 'ऑलदो' असले छोटे शब्द सगळा अर्थ उलटापालटा करतात. ओळ शोधून उतरवणारीला ते दिसत नाहीत.

'आता मोबाईल भाषांतर करून देतो की', असंही ऐकायला येतं. देतो, आणि उपयोगही होतो. पण मोबाईल कुणाचा? 'असर'च्या त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. बाकीच्या मुलींना भावाकडे किंवा वडिलांकडे मागावा लागणार. आणि भाषांतर मिळालं तरी त्यातलं काय पटत नाही, कुठे फसवणूक आहे, हे ओळखायला वाचणारीचं डोकंच लागतं.

मग सराव कसा करायचा? आमच्या गटात जे उपयोगी पडलं ते सांगते, तुमच्याकडे करून पाहा.

उतारा कशाबद्दल आहे हे आधी मराठीत पाच मिनिटं बोलायचं. विषय ठाऊक असला की अर्धी भीती जाते. मग न थांबता एकदा संपूर्ण वाचायचा, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जायचं. दुसऱ्या वाचनात त्या शब्दांचा अंदाज शेजारच्या शब्दांवरून बांधायचा. डिक्शनरीत फक्त तीनच शब्द पाहायची परवानगी, म्हणजे कुठले शब्द खरोखर अडवताहेत हे ठरवावं लागतं. 'इट', 'दे', 'धिस' हे कुणाबद्दल आहेत ते बाण काढून दाखवायचं. नंतर पुस्तक मिटून उतारा आपल्या घरच्या बोलीत शेजारणीला सांगायचा. गोरमाटीत सांगा, उर्दूत सांगा. जे आपल्या बोलीत सांगता येत नाही ते समजलेलं नाही, एवढी साधी कसोटी. प्रत्येक उत्तराला 'कशावरून?' असं विचारायचं आणि ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. सर्वांत शेवटी प्रश्न मुलींनी काढायचे.

या शेवटच्या पायरीवर आम्हाला फार मोठं काही मिळालं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ती 'जलदूत' गाडी तुम्हाला आठवत असेल. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी. आम्ही तिच्यावर सोप्या इंग्रजीत पंधरा ओळी लिहून मुलींपुढे ठेवल्या. गाडी कुठून निघाली, किती पाणी होतं, कुठे पोचलं, सगळं त्यात होतं. या मुली तेव्हा लहान होत्या, पण घागरींची रांग त्यांनी पाहिलेली होती. त्यांनी काढलेल्या प्रश्नांतला एक असा : स्टेशनपासून घरापर्यंत पाणी कुणी आणलं? उत्तर उताऱ्यात नव्हतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. लिहिणाऱ्यांच्या, म्हणजे आमच्याच, ध्यानात आलं नव्हतं. जे लिहिलेलं नाही तेही मुलींनी वाचलं!

बोर्डाच्या पेपरात उताऱ्याखाली शेवटी एक प्रश्न असतो : तुझं मत लिही. दोन-तीन वाक्यांचं काम. कितीतरी मुली तो कोरा सोडतात, नाहीतर गाइडातलं मत पाठ करून लिहितात. पाठ केलेलं मत! कसं येणार तिला? घरात जेवण काय करायचं इथपासून लग्न कुणाशी करायचं इथपर्यंत तिला मत विचारायची पद्धतच नाही, आणि दहावीच्या पेपरात अचानक, तेही इंग्रजीत, विचारतात, तुला काय वाटतं? हा प्रश्न कोरा राहतो त्यात इंग्रजीचा दोष थोडा आणि आपल्या घरांचा जास्त. आमच्या गटात आता हा प्रश्न सर्वांत आधी आणि मराठीत घेतात. भांडणं होतात, आवाज चढतात. मग त्यातलंच एक वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचं. स्पेलिंग चुकलं तर नंतर सुधारता येतं.

फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तेव्हा ती चौदाएक वर्षांची होती. म्हणजे आजच्या नववीतली मुलगी. तिने वाचलेलं आणि भोगलेलं एकमेकांशी ताडून पाहिलं आणि धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले. सावित्रीबाईंनीही १८५४ च्या 'काव्यफुले'मधून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. इंग्रजीमुळे प्रतिष्ठा वाढते म्हणून हा आग्रह नव्हता. ज्या ज्ञानापासून दूर ठेवलं गेलं होतं ते हाती यावं म्हणून होता. मराठी सोडा असं म्हणण्याचा माझाही इरादा नाही. उलट ज्या मुलीला मराठीत प्रश्न विचारायची सवय आहे, तिलाच इंग्रजीत वाचता येईल, असं दोन वर्षांनंतर माझं ठाम मत झालं आहे.

तेव्हा एक काम सांगते. तुमच्या गटाजवळच्या हायस्कूलमधल्या आठ-दहा मुली गोळा करा. आठवड्यातला दीड तास त्यांच्या घरच्यांकडून मागून घ्या; मागायला तुम्ही स्वतः घरी जा, कारण मुलीने मागितला तर मिळत नाही. शिकवणारीला फर्डं इंग्रजी यायला हवं असं मुळीच नाही. तिला 'कशावरून?' विचारता आलं की पुष्कळ झालं. शाळेतल्या बाईंना बरोबर घ्या, त्यांच्यावर टीका करायला जाऊ नका. साठ-सत्तर मुलींच्या वर्गात त्यांना हे करायला वेळ कुठला? आणि उतारे आपल्याकडचे बनवा : रेशनचं दुकान, दवाखाना, टमटम, सातबाऱ्यावर आईचं नाव. सोप्या इंग्रजीत दहा ओळी पुरेत.

बनवलेले उतारे आणि मुलींनी काढलेले प्रश्न आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून दोन पानं त्यांच्यासाठी राखून ठेवत आहोत. प्रश्नांबरोबर उत्तरं नाही पाठवली तरी चालेल.

तुमची,
संपादक