संस्थेच्या किल्ल्या कोणाकडे?

संकेतस्थळ, सभासदांची यादी, देणग्यांचा हिशेब, पुस्तकांची सूची ही कामे आता छोट्या संस्थांचीही संगणकावाचून होत नाहीत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातील ग्रंथालये आणि सेवाभावी संस्था त्याला अपवाद नाहीत. ही कामे पगारी कर्मचाऱ्याकडे द्यावीत, कंत्राटदाराकडे की स्वयंसेवकांकडे, ही चर्चा बहुधा खर्चापाशीच थांबते. वास्तविक हा प्रश्न जबाबदारीचा आहे.

स्वयंसेवेचे मोल या परिसराला सांगायला नको. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा सरकारी पथकांबरोबर स्थानिक रहिवासीही मदतीला धावले. परंतु संकटातील धाव वेगळी आणि रोजची देखभाल वेगळी. येथील संगणक जाणणारा तरुण नोकरीसाठी ऐरोली, महापे किंवा अंधेरी गाठतो. लोकलच्या गर्दीतून परततो तेव्हा रात्र झालेली असते. संस्थेच्या माहितीची दररोज प्रत काढून ठेवण्याचा भार त्याच्यावर टाकणे हा त्याच्यावरही अन्यायच होय.

कंत्राटदाराला मुदतीने बांधता येते; पण तेथे मालकीचा पेच असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेली निर्मिती, वेगळा करार नसल्यास, संस्थेची ठरते. कंत्राटदाराने किंवा स्वयंसेवकाने लिहिलेली प्रणाली मात्र लेखी हस्तांतराविना संस्थेची होत नाही. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने १९९९ मध्ये आपली ग्रंथालय प्रणाली बाहेरच्या कंपनीकडूनच तयार करून घेतली, पण ती मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. त्यामुळे तिची देखभाल एकाच कंपनीवर अवलंबून राहिली नाही. 'कोहा' नावाची ती प्रणाली आज भारतातील अनेक ग्रंथालयेही वापरतात.

तेव्हा कामाचे स्वरूप पाहूनच माणूस निवडावा. एकदाच करावयाची उभारणी लेखी करारासह कंत्राटदाराकडे. रोजच्या नोंदी आणि माहितीची जपणूक, अर्धवेळ का होईना, पगारी व्यक्तीकडे. प्रशिक्षण, चाचणी, जुन्या नोंदींची भरणी स्वयंसेवकांकडे, अशी विभागणी छोट्या संस्थेलाही झेपू शकते. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी मात्र संस्थेच्याच नावे हवी आणि पासवर्ड किमान दोन विश्वस्तांजवळ असावेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदाही माहिती बाहेरच्याकडे सोपवली म्हणून संस्थेला जबाबदारीतून मोकळे करत नाही. काम दुसऱ्यावर सोपवता येते, उत्तरदायित्व नाही.